फॉर्म घेऊन गावात जाताना

या महिन्याची पत्रं जवळपास सगळी एकाच विषयावरची निघाली. एम.ए.ला आता पहिल्याच सेमिस्टरला रिसर्च मेथडॉलॉजी, म्हणजे संशोधन कसं करायचं हा पेपर, आहे आणि पुढे प्रोजेक्ट, त्यामुळे तालुक्याच्या कॉलेजातली पोरं फॉर्म घेऊन गावोगाव फिरून राहिली आहेत, आणि ज्यांच्या ओसरीवर ती जाऊन बसतात त्यांचंही एक पत्र आलंय, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मी स्वतः सव्वीस वर्षं हाच पेपर शिकवला, म्हणून यावेळी जरा ऐसपैस उत्तरं देते.

प्रश्न : मॅडम, मी एम.ए. समाजशास्त्राला आहे, दारव्हा तालुक्यातली. विषय घेतलाय बचत गटातल्या बायका आणि घरातले निर्णय. सर म्हणतात सॅम्पल ३८४ पाहिजे, सगळे तेवढाच घेतात. पण आमच्या गावात घरंच २१० आहेत, मग बाकीची कुठून आणू? आणि हे ३८४ आलं कुठून?

आधी ३८४ चा हिशोब सांगते बाई, कारण तो कोणी सांगत नाही, नुसता आकडा एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जातो. आपल्याला ९५ टक्के खात्री पाहिजे असं ठरवलं की तक्त्यातून १.९६ हा आकडा येतो, त्याचा वर्ग ३.८४१६. लोकांचं उत्तर हो येईल का नाही येईल काहीच माहीत नाही म्हणून अर्धे-अर्धे धरायचे, ०.५ गुणिले ०.५. आणि चूक ५ टक्क्यांपर्यंत चालेल म्हटलं की खाली ०.०५ चा वर्ग. हे सगळं कॅल्क्युलेटरवर केलं की ३८४.१६ येतं. झालं, एवढंच आहे ते, त्यात दैवी काही नाही. अन् हा हिशोब खूप मोठ्या लोकसंख्येसाठी आहे, लाखोंच्या. लहान गावासाठी तो आकडा खाली आणायचं वेगळं सूत्र असतं, २१० घरांना ते लावलं तर १३६ येतात. तर सरांना वहीवर हे मांडून दाखव, नम्रपणे दाखव, ते ऐकतील.

पण मला खरी काळजी आकड्याची नाही, तुझ्या यादीची आहे. हे सूत्र तेव्हाच खरं ठरतं जेव्हा गावातल्या प्रत्येक घराला निवडून येण्याचा सारखा चान्स असतो. तू जर एसटी स्टँडवर नाहीतर बचत गटाच्या मीटिंगमध्ये बसून भेटेल तिचा फॉर्म भरला तर ३८४ काय तीन हजार भरले तरी उपयोग नाही. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या मासिकाने राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी जवळपास एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, वीस लाखांच्या वर परत आल्या, त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार म्हणून छापलं, आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून, आणि त्या मंदीच्या काळात फोन-मोटार कोणाकडे होती ते सांगायला नको, शिवाय ज्यांना रूझवेल्टवर राग होता त्यांनीच जास्त करून उत्तरं परत पाठवली. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्यामानाने मूठभर लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला.

आता हेच आपल्या गावात आण. तू ग्रामपंचायतीतून नमुना ८, म्हणजे घरपट्टीची यादी, घेशील, त्यावर घरं असतात पण अतिक्रमणातली घरं सुटलेली असू शकतात, गावाबाहेरचा पारधी बेडा सुटलेला असू शकतो, तुमच्या भागात एखादं कोलामांचं पोड, म्हणजे त्यांची वस्ती, असेल तर ते कागदावर एका गावात आणि प्रत्यक्षात तीन किलोमीटरवर. आणि तू दिवाळीनंतर गेलीस तर कामाला बाहेर गेलेल्यांच्या घराला कुलूप. म्हणजे ज्यांची गोष्ट सगळ्यात आधी कळायला पाहिजे तेच यादीतून गळाले. म्हणून दोन दिवस नुसती चाल, गावाचा नकाशा हाताने काढ, घराघरावर नंबर टाक, आणि मग त्या नकाशावरून निवड. तुझ्या विषयाला टक्केवारीपेक्षा खोलात जाणं जास्त गरजेचं आहे, म्हणून माझा सल्ला ३० घरांचा. २१० भागिले ३० म्हणजे दर सातवं घर, पहिलं कोणतं ते १ ते ७ च्या चिठ्ठ्या टाकून ठरव. कुलूप असलं तर शेजारचं घर घेऊ नको, परत जा, तीनदा जा.

अजून एक, हे माझ्यावर बेतलेलं आहे म्हणून सांगते. माझ्या स्वतःच्या एम.ए.च्या लघुप्रबंधात मी हाच विषय घेतला होता आणि बायांना सरळ विचारलं होतं, घरातले निर्णय कोण घेतं? सगळ्या म्हणाल्या, मालक. मी टक्केवारी काढली, तक्ता केला, पास झाले. पुढे काही वर्षांनी त्यातल्याच एका बाईसोबत कापूस वेचायला दिवसभर वावरात होते तर बोलता बोलता कळलं की बकरी कधी विकायची, पोरीला तालुक्याला शिकायला ठेवायचं का, भावाकडून उसने आणायचे का, सगळं तीच ठरवत होती. मी म्हटलं मावशी तेव्हा तर तुम्ही मालक म्हणाल्या. ती म्हणाली, "निर्णय म्हणजे जमिनीचा अन् लग्नाचा नं बाई, हे तर घरचं काम हाय." तिने खोटं सांगितलंच नव्हतं, माझा शब्दच तिच्या घरात शिरला नव्हता. म्हणून तू "निर्णय" हा शब्दच काढून टाक. मागच्या वेळी बकरी विकली तेव्हा भाव कोणी ठरवला, पैसे कोणाच्या हातात आले, त्याचं काय केलं, असं झालेल्या गोष्टीवर विचार. फॉर्म छापायच्या आधी आईला अन् दोन मावश्यांना विचारून बघ, अर्धे प्रश्न तिथेच बदलतील.

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात शिकवतो. पोरं हायपोथेसिसची व्याख्या पाठ करतात, सॅम्पलिंगचे प्रकार घडाघडा म्हणतात, पण चार ओळींचं निरीक्षण लिहिता येत नाही. वर्गात साठ जण, फील्डवर्कला पैसे नाहीत. हा पेपर शिकवायचा तरी कसा?

सर, तुमचं दुखणं माझंही होतं, आणि माझी पहिली सात-आठ वर्षं मी नोट्स डिक्टेट करण्यात घालवली याचं मला अजून वाईट वाटतं. पोहणं फळ्यावर शिकवल्यासारखं होतं ते. मग एका वर्षी लाईट गेली म्हणून वर्ग बाहेर काढला आणि आठवडी बाजारात नेला, दोघादोघांच्या जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला एकच दुकान दिलं आणि सांगितलं एक तास उभं राहा, एकमेकांशी बोलू नका, जे दिसते ते वेगवेगळं लिहा, किती गिऱ्हाईक आले, बाया किती माणसं किती, भाव कोण करतं, पैसे कोण काढतं. परत आल्यावर दोघांच्या वह्या समोरासमोर ठेवल्या. एकाने २३ गिऱ्हाईक लिहिले दुसऱ्याने ३१. का? तर एकाने जोडीने आलेल्या नवरा-बायकोला एक मोजलं, दुसऱ्याने दोन, आणि नुसतं भाव विचारून गेलेल्याला एकाने धरलंच नाही. त्या दिवशी व्याख्या म्हणजे काय आणि विश्वसनीयता (कोणीही मोजलं तरी तेच उत्तर येणं) म्हणजे काय हे पोरांना जे समजलं ते मी वर्षभर सांगून समजलं नसतं. खर्च शून्य. शब्द नंतर द्या, आधी अडचण येऊ द्या, अडचण आली की पोरं स्वतः विचारतात याला काही नाव आहे का मॅडम.

दुसरं, टिपणं त्याच रात्री लिहायची सवय लावा. समाजशास्त्रज्ञ एम.एन. श्रीनिवासांचं उदाहरण मी दरवर्षी सांगायची. ते १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात, ज्याला त्यांनी रामपुरा म्हटलं, जाऊन राहिले, आणि बावीस वर्षांनी १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला पुस्तक लिहायला बसले असताना तिथे कोणीतरी लावलेल्या आगीत त्यांनी एवढी वर्षं खपून तयार केलेली टिपणं जळाली. तरी त्यांनी गाव आठवून लिहिलं आणि १९७६ ला ते पुस्तक आलं. पोरं म्हणतात मग टिपणांची गरजच काय. मी सांगते, जो रोज रात्री लिहितो त्याच्या डोक्यात गाव राहतं, जो मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवून देतो त्याच्या मोबाईलमध्ये राहतं.

पैशाचं म्हणाल तर पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरल्ड मान यांनी शेजारचं पिंपळे सौदागर घेतलं, घराघराची जमीन, तुकडे, कर्ज, खाणं सगळं मोजलं आणि १९१७ साली छापलं, जमिनीचे किती बारीक बारीक तुकडे झालेत हे त्यातून लोकांना आकड्यात दिसलं. लांब जायची गरज नाही. तुमच्या साठ पोरांची तीस-चाळीस गावं असतील, हे फील्ड कोणत्याही मोठ्या युनिव्हर्सिटीकडे नाही. आणि एक्सेल लगेच देऊ नका, पहिला तक्ता आखीव रजिस्टरवर हाताने काढायला लावा, एका आडव्या ओळीत एक घर. मग "माहीत नाही" आणि "सांगितलं नाही" हे दोन वेगळे रकाने का लागतात ते त्यांना बरोबर कळते.

ते पाच खान्यांचं, पूर्णतः सहमत पासून पूर्णतः असहमत पर्यंत, लायकर्टचं १९३२ सालचं माप आहे, चांगलं आहे, पण आपल्याकडे ते जसंच्या तसं घेऊन जाऊ देऊ नका. पाहुण्याला नाही म्हणायची आपल्या लोकांना सवय नाही, प्रत्येक वाक्याला "हो बाप्पा, बरोबर हाय" येते, उलट अर्थाच्या वाक्यालाही. तशी दोन उलटी वाक्यं मुद्दाम घालून पोरांना हे स्वतः पाहू द्या.

प्रश्न : मॅडम, मी रिसोड तालुक्यातला शेतकरी आहो. आमच्या गावात दरसाल कॉलेजचे पोट्टे फॉर्म घेऊन येतात, मले इचारतात वार्षिक उत्पन्न किती. मी काय सांगू? सोयाबीन किती झालं ते सांगता येते, उत्पन्न मले कुठून मालूम. आतापर्यंत सहा-सात फॉर्म भरून देल्ले, त्याचं पुढं काय झालं ते कोनी सांगाले आलं नाही. आमाले याचा काय फायदा?

भाऊ, तुमचं पत्र मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना, जे आता स्वतः शिकवतात, त्यांना वाचून दाखवलं. तुमचं बरोबर आहे. वार्षिक उत्पन्न हा नोकरीवाल्याचा प्रश्न आहे, महिन्याचा पगार गुणिले बारा. शेतकऱ्याच्या घरी पैसा सवंगणीनंतर येतो आणि पेरणीच्या आधी जातो, मधे दूध, मजुरी, बकरी, पोराने शहरातून पाठवलेले, आणि कृषी केंद्राची उधारी. ज्याला खरंच पाहिजे असेल त्याने विचारावं की वावर किती, सोयाबीन किती क्विंटल झालं, काय भावाने गेलं, किती घरी ठेवलं, बियाणं-खत-फवारणी-मजुरीला किती गेले, अन् वजाबाकी त्याने स्वतः घरी जाऊन करावी. तुमच्याकडून करून घेऊ नये.

प्रश्नात किती दिवसांचं विचारलं हे नुसतं बदललं तरी उत्तर बदलते हे मोठमोठ्यांना भोगावं लागलं आहे. १९९९-२००० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात खाण्यावरचा खर्च मागच्या ३० दिवसांचा आणि मागच्या ७ दिवसांचा असा दोन्ही एकाच फॉर्मवर विचारला, आणि त्यामुळे देशातली गरिबी खरंच किती कमी झाली यावर अर्थशास्त्रज्ञांचे कितीतरी वर्षं वाद चालले, कारण ते आकडे आधीच्या आकड्यांशी जुळवून पाहता येईनात. एका रकान्याने एवढं होते.

आणि फायद्याचं. पोट्टं आलं की आधी तुम्ही विचारा. कोणत्या कॉलेजचा, कशासाठी, माझं नाव छापणार का, झाल्यावर कागद आणून दाखवणार का. उत्तर पटलं नाही तर नाही म्हणा, तुमचा तो हक्क आहे, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. अर्धा फॉर्म झाल्यावर उठलात तरी चालते. मास्तर लोकांना माझी विनंती आहे की ज्या गावातून माहिती घेतली त्या गावच्या पारावर जाऊन दहा मिनिटं निष्कर्ष मराठीत सांगितल्याशिवाय प्रोजेक्टवर सही करू नये. मी शेवटची काही वर्षं हे सक्तीचं केलं होतं आणि दोनदा असं झालं की गावकऱ्यांनी ऐकून सांगितलं हा आकडा चुकला आहे पोरी, आणि तो खरंच चुकला होता.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधले काही जण घरी बसूनच फॉर्म भरतात, आता तर एआयला सांगून उत्तरंही तयार करून घेतात. गाईडला समजत नाही. मग आम्हीच का उन्हात फिरावं? (एक विद्यार्थी, पुसद)

समजते रे. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाला वय विचार, तो ६३ सांगत नाही, साठ-पासष्ट सांगतो. खऱ्या डेटात वय ४०, ४५, ५०, ६० वर ढीग लागतात, हे इतकं पक्कं आहे की जनगणनेवाले त्यासाठी व्हिपल निर्देशांक नावाचं माप वापरतात, १०० आला तर ढीग नाही, ५०० आला तर सगळ्यांनीच वय शून्यावर नाहीतर पाचावर संपणारं सांगितलं. एका विद्यार्थ्याने मला खेड्यातल्या १२० जणांची वयं अशी आणून दिली होती, ३७, ४१, ५२, ५८, सगळी सुंदर पसरलेली, एकही रकाना कोरा नाही, कोणीही "माहीत नाही" म्हटलेलं नाही. मी त्याला ओरडले नाही, जवळ बसवून तक्ता दाखवला, तो रडला आणि मग त्या गावात गेला.

दुसऱ्याचं लिखाण उतरवण्याच्या चोरीबद्दल युजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम आहेत, १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते वगैरे, ते सॉफ्टवेअर पाहते. पण न भेटलेल्या बाईच्या तोंडी उत्तर घालणं ही त्याहून मोठी गोष्ट आहे. उद्या कोणी त्या आकड्यावरून तिच्या गावाला काही लागत नाही असं ठरवलं तर? एआयला व्याकरण तपासायला सांग, इंग्रजी पेपरचा अर्थ विचार, चालेल. तुझ्या गावची माहिती त्याच्याकडे नाही.

प्रश्न : मी पीएच.डी. करते आहे, विषय आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबं. गाईड म्हणतात १०० कुटुंबांच्या मुलाखती घे. पहिल्याच घरी ताई रडायला लागल्या आणि मला पुढचा प्रश्न विचारता आला नाही. माझं चुकलं का? (यवतमाळ जिल्हा)

नाही गं. विचारता आला असता तर मला जास्त काळजी वाटली असती.

आपल्या सहा जिल्ह्यांत, यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशिम, बुलडाणा, वर्धा, अशा घरांत अधिकारी, पत्रकार, संस्था, संशोधक सगळे येऊन गेलेले असतात. त्या बाईने तीच गोष्ट दहादा सांगितलेली असते. तर आधी जे लिहिलं गेलंय ते पूर्ण वाच, २००५ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई हायकोर्टासाठी केलेला अहवाल आहे, तो वाच, आणि जे त्यातून मिळते ते तिला परत विचारू नको.

मग व्याख्येकडे ये, कारण या विषयात सगळं तिथे आहे. सरकारी मदतीचे एक लाख मिळायला प्रकरण पात्र ठरावं लागते, त्यासाठी सातबारा पाहिजे, कर्ज बँकेचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं पाहिजे. ज्याने नातेवाईकाकडून किंवा कृषी केंद्राच्या उधारीवर भागवलं, ज्याने मक्त्याने वावर केलं, तो अपात्र. आणि जी बाई जन्मभर वावरात राबली पण सातबारावर नाव नाही ती गेली तर शेतकरी म्हणून मोजली जाईल याचा भरवसा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोनेसुद्धा २०१४ च्या आकड्यांपासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे केले, त्यामुळे आधीचा आणि नंतरचा आकडा नुसता शेजारी ठेवून कमी-जास्त म्हणता येत नाही. तू यादी तहसीलमधून घेतली तर ती पात्र-अपात्रवाल्यांची यादी आहे हे आधी लिही.

गाईडशी बोल, १०० ऐवजी १५ घरं घे आणि प्रत्येक घरी चार-पाचदा जा. पहिल्या भेटीत फॉर्म काढूच नको. मृत्यूबद्दल विचारू नको, त्यानंतरचं विचार, वावर कोण करतं, पीककर्ज कोणाच्या नावाने निघते, फेरफार झाला का, सासरचे कसे आहेत. ती मृत्यूबद्दल बोलेल तेव्हा पेन खाली ठेवून ऐक. रडली तर थांब, पाणी दे, त्या दिवशी मुलाखत नाही. आणि आशा ताईचा, नाहीतर ज्याचा आधार मिळेल अशा कोणाचा तरी नंबर जवळ ठेव. तू स्वतःही कोणाशी तरी बोलत जा, ही घरं मनातून लवकर जात नाहीत.

प्रश्न : मी दहावी शिकलेली आहे, बचत गटाची सचिव. आमच्या वस्तीत नळाला पाणी कमी येते, पंचायत म्हणते सगळ्यांना सारखं येते. आम्ही बायांनी मिळून संशोधन करू शकतो का?

तुम्हीच करू शकता ताई. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे, तिथे गावातल्या लोकांचे अभ्यास गट बसतात, विषय घेतात, माहिती गोळा करतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावून विचारतात, आणि मग ग्रामसभेत निर्णय होतो. २००९ मध्ये त्यांना जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला त्यामागे असा बराच वर्षांचा अभ्यास आहे. त्याच जिल्ह्यात डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली, ९२ टक्के बायांना स्त्रीरोग निघाले, १९८९ ला ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि बायांचं जे दुखणं घरातच दबून राहायचं ते जगभर बोललं जाऊ लागलं. मोजलं की बोलता येते.

तर असं करा. तुमच्या वस्तीतली पाच घरं आणि पाण्याच्या टाकीजवळच्या आळीतली पाच घरं घ्या, चिठ्ठ्या टाकून निवडा, भांडणाऱ्या किंवा मैत्रिणींची निवडू नका. प्रत्येक घरी एक वही, नळ किती वाजता आला, किती वाजता गेला, किती गुंड (पाण्याचे हंडे) भरले, आणि गुंड सगळ्यांचा एकाच मापाचा पाहिजे नाहीतर पंचायत तिथेच पकडेल. लाईट नसलेल्या दिवशी तसं लिहा. पाणी आलंच नाही त्या दिवशी रकाना कोरा सोडू नका, शून्य लिहा. एक महिना झाला की दहाही वह्या एका रजिस्टरवर उतरवा आणि मला फोटो पाठवा, तक्ता कसा करायचा ते पुढच्या अंकात तुमच्याच आकड्यांवर दाखवते, मग तो घेऊन ग्रामसभेत जाऊ.